घरातील दिवंगत व्यक्तीची लष्करी व गोपनीय सरकारी सेवा शोधताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे थोरले काका २०१७ च्या पावसाळ्यात नागपुरात गेले. ते आधी फौजेत आणि नंतर दिल्लीला सरकारी नोकरीत होते, यापलीकडे आम्हा पुतण्या-भाच्यांना त्यांच्या कामाविषयी काहीही ठाऊक नव्हते, आणि त्यांच्या हयातीत कुणी फार विचारलेही नाही. त्यांच्या पश्चात पत्र्याची ट्रंक उघडली तेव्हा पुढची चार वर्षे मी हा शोध घेत राहिले. तेव्हापासून नातेवाईक आणि ओळखीपाळखीची माणसे तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत.

सुरुवात कुठून करावी?

घरातूनच, आणि काहीही टाकून देण्यापूर्वी. माणूस गेल्यावर तेराव्यानंतर घर आवरण्याची जी घाई होते, तिच्यात सर्वांत मोलाचे कागद रद्दीत जातात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. डिस्चार्ज बुक, पेन्शन मंजुरीचा आदेश म्हणजे पीपीओ, बँकेची जुनी पासबुके, प्रवासभत्त्याच्या प्रती, जुन्या पत्रांची पाकिटे, छायाचित्रांच्या मागील बाजू, ट्रंकेच्या झाकणावर रंगवलेला क्रमांक, यांपैकी प्रत्येक गोष्ट पुढे उपयोगी पडते. पाकिटे पत्रांपासून वेगळी करू नका, कारण तारखेचा शिक्का आणि पत्ता बहुधा पाकिटावरच असतो.

काकांच्या ट्रंकेत दुधाच्या हिशेबाची एक वही होती. गवळी केव्हा आला याची नोंद त्यांनी "०५४५", "०६१०" अशी चार आकड्यांत केलेली होती, आणि शून्याला प्रत्येक वेळी तिरकी रेघ मारलेली होती. सिग्नल्समधील, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन दलातील, एका निवृत्त सुभेदारांना ती वही दाखवली, तेव्हा त्यांनी पहिले पान पाहताच "हे वायरलेस ऑपरेटर होते का?" असे विचारले. त्या तिरक्या रेघेमुळे शून्य आणि इंग्रजी ओ हे अक्षर यांची गल्लत होत नाही, आणि संदेश उतरवून घेणाऱ्याच्या हाताला ती सवय जन्मभर राहते.

पहिल्याच दिवशी एका वहीचे तीन भाग करावेत, असे मी सर्वांना सांगते : सिद्ध, संभाव्य आणि ऐकीव. कागदाचा आधार असलेली गोष्टच पहिल्या भागात लिहावी. ही शिस्त नसेल तर सहा महिन्यांत तिन्ही भाग एकमेकांत मिसळतात आणि मग आपणच रचलेली कथा आपल्याला खरी वाटू लागते.

सेवा क्रमांक का महत्त्वाचा आहे, आणि तो सापडत नसेल तर?

लष्करात माणूस नावापेक्षा क्रमांकाने शोधला जातो. जवानांच्या क्रमांकातील सुरुवातीच्या आकड्यांवरून रेजिमेंट किंवा कोअर ओळखता येते. अधिकाऱ्यांच्या क्रमांकापूर्वी अक्षरे असतात : कायम कमिशनसाठी आयसी, शॉर्ट सर्व्हिससाठी एसएस, आणि १९६२ च्या चीन युद्धानंतर आणीबाणीच्या भरतीत घेतलेल्यांसाठी ईसी. ज्युनिअर कमिशन्ड अधिकाऱ्यांच्या, म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांच्या, क्रमांकापूर्वी जेसी असते. क्रमांक कागदावर नसेल तर तो ट्रंकेवर, पदकाच्या कडेवर किंवा गटातील छायाचित्राखाली छापलेल्या नावांत पाहावा.

पदकांवरून नेमके काय कळते?

पुष्कळ कळते, पण कुटुंबाला वाटते तेच कळते असे नाही. आमच्या घरी काकांना "पासष्टच्या लढाईचे पदक" मिळाले असे अभिमानाने सांगितले जात असे. ट्रंकेत निघाले ते रक्षा पदक १९६५. हे पदक त्या वेळी सेवेत असलेल्या आणि ठरावीक मुदत पूर्ण केलेल्या सर्वांना दिले गेले, मग ते आघाडीवर असोत वा मागच्या एखाद्या केंद्रात. प्रत्यक्ष युद्धक्षेत्रातील सेवेसाठी समर सेवा स्टार वेगळा होता. १९७१ बाबतही असाच भेद आहे : संग्राम पदक सेवेतील सर्वांसाठी, तर पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार त्या त्या आघाडीवरील मोहिमांसाठी. १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त दिलेले पदकही शौर्याचे नव्हे. हे सांगताना घरातील वडीलधाऱ्यांना वाईट वाटते, याची मला जाणीव आहे, तरीही ते सांगितलेच पाहिजे.

त्याच डब्यात एका कागदात गुंडाळलेले दुसरे पदक होते, ज्याच्याकडे आम्ही आधी दुर्लक्ष केले होते. ते सैन्य सेवा पदक होते आणि त्याच्या फितीवर "हिमालय" अशी धातूची पट्टी होती. १९६० मध्ये सुरू झालेले हे पदक दुर्गम व खडतर भागातील सेवेसाठी दिले जाते आणि जम्मू-काश्मीर, नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश), हिमालय अशा पट्ट्या तो भाग कोणता हे सांगतात. म्हणजे ज्या पदकाचे कौतुक झाले त्याने काका सेवेत होते एवढेच सांगितले, आणि जे कागदात पडून राहिले त्याने ते कोठे होते हे सांगितले. परदेशातील सेवेसाठी विदेश सेवा पदक असते आणि त्याच्या पट्टीवर देशाचे नाव असते. १९५६ नंतर गाझात आणि १९६० नंतर काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांवर भारतीय तुकड्या गेल्या होत्या, त्यामुळे घरात "आफ्रिकेत होते" अशी कथा असेल तर आधी ही पट्टी शोधावी.

पदक ब्रासोने घासू नये. कडेवर कोरलेला क्रमांक आणि नाव झिजते, आणि त्याच कोरीव अक्षरांसाठी ते आपल्याला हवे असते. नाव दुसऱ्याच कुणाचे निघाले तर ते पदक बाजारातून आलेले किंवा मित्राने दिलेले असू शकते.

जुन्या पत्रांवर गावाचे नाव नसून फक्त "५६ एपीओ" आहे. यावरून ठिकाण कळेल का?

एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. त्यावरून गाव कळणार नाही, कारण ते कळू नये यासाठीच ही पद्धत आहे. मात्र दिशा कळते. मार्फत ५६ एपीओ असलेली टपाल दिल्लीतील लष्करी टपाल केंद्रातून जाते, तर मार्फत ९९ एपीओ असलेली कोलकात्यातून, पूर्व भागासाठी. पत्त्यातील युनिटचे नाव त्याहून महत्त्वाचे आहे, कारण युनिट कळले की ते त्या वर्षी कोठे होते हे छापील रेजिमेंटल इतिहासातून शोधता येते.

रेकॉर्ड ऑफिसला पत्र कसे लिहावे?

जवान आणि ज्युनिअर कमिशन्ड अधिकारी यांचे सेवाअभिलेख त्या त्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. गार्ड्सचे रेजिमेंटल सेंटर आपल्याजवळ कामठीला आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, आणि सिग्नल्सचे रेकॉर्ड ऑफिस जबलपूरला. वायुसैनिकांचे अभिलेख दिल्लीत सुब्रतो पार्क येथे, तर नौसैनिकांचे मुंबईत असतात. लष्करी अधिकाऱ्यांचे अभिलेख मात्र रेजिमेंटकडे नसून दिल्लीत लष्कर मुख्यालयाच्या अखत्यारीत असतात.

अर्ज शक्यतो पत्नीच्या, आणि त्या हयात नसतील तर मुलांच्या सहीने करावा. आम्ही तो काकूंच्या नावाने केला. सोबत मृत्यूचा दाखला, नाते सिद्ध करणारा कागद, ओळखपत्र आणि सेवा क्रमांकाचा जो काही पुरावा असेल त्याची छायाप्रत जोडावी, पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पावती जपावी. "सर्व माहिती द्यावी" असे लिहिल्यास त्रोटक उत्तर येते, असा माझा अनुभव आहे. त्याऐवजी भरतीची तारीख, सेवामुक्तीची तारीख व कारण, सेवा केलेली युनिटे, मिळालेली पदके, आणि पार्ट टू ऑर्डरमधील विवाह व अपत्यांच्या नोंदी अशी ठोस मागणी करावी. जवानाचे लग्न झाले, मूल जन्मले, तो प्रशिक्षणाला गेला किंवा बदलून आला, की पार्ट टू ऑर्डर निघते. कुटुंबातील व्यक्तींची यादी किंड्रेड रोलमध्ये असते. हे शब्द वापरले की पत्र वाचणाऱ्या कारकुनाला आपल्याला काय हवे आहे ते ताबडतोब कळते.

"कागदपत्रे नियमानुसार नष्ट करण्यात आली आहेत" असे उत्तर आले. ही लपवाछपवी आहे का?

बहुतेक वेळा नाही. लष्कराच्या विनियमांनुसार पेन्शन न मिळणाऱ्या सैनिकाची सेवाकागदपत्रे सेवामुक्तीनंतर पंचवीस वर्षे ठेवून नष्ट केली जातात. काका १९५७ मध्ये भरती झाले आणि १९६८ मध्ये अकरा वर्षांच्या सेवेनंतर बाहेर पडले, म्हणजे त्यांना लष्करी पेन्शन नव्हती आणि त्यांची फाइल १९९३ नंतर केव्हाही नष्ट होणे नियमाला धरूनच होते. मला या उत्तराने फार दुःख झाले, हे लपवत नाही. पण अशा वेळी लाँग रोलची नोंद मागावी. हे मोठे नोंदवही-रजिस्टर असते, त्यात एका माणसासाठी एकच ओळ असते, आणि फाइल गेली तरी ती ओळ बहुधा शिल्लक असते. आम्हाला भरती व सेवामुक्तीच्या तारखा, ट्रेड म्हणजे कामाचा प्रकार, आणि "स्वतःच्या विनंतीवरून" हे कारण त्या एका ओळीतूनच मिळाले.

माहितीच्या अधिकाराचा उपयोग होतो का?

लष्कराबाबत होतो, गुप्तवार्ता संघटनांबाबत जवळजवळ होत नाही. २००५ च्या कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो, तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असते, ते न मिळाल्यास किंवा असमाधानकारक असल्यास तीस दिवसांत पहिले अपील आणि नंतर नव्वद दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. वीस वर्षांहून जुन्या घटनांची माहिती नाकारण्याची बरीचशी कारणे कलम ८(३) मुळे गळून पडतात, मात्र देशाच्या सुरक्षिततेचे कारण गळून पडत नाही.

परंतु कलम २४ आणि दुसरी अनुसूची यांनुसार गुप्तवार्ता विभाग (आयबी), परदेशी गुप्तवार्ता पाहणारी रॉ, डोंगराळ सीमेवरील गुप्त मोहिमांसाठीची स्पेशल फ्रंटियर फोर्स, सशस्त्र सीमा बल यांसारख्या संघटना या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन यांचे आरोप एवढाच त्याला अपवाद आहे. आपला शोध त्यात बसत नाही, आणि तो बसवण्यासाठी खोटा आरोप रचू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. पेन्शन किंवा थकबाकीविषयीचे प्रश्न मात्र वारसाने साध्या पत्राने विचारता येतात.

पीपीओवर खात्याचे नाव "मंत्रिमंडळ सचिवालय" आहे. म्हणजे ते रॉमध्ये होते का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि याचे प्रामाणिक उत्तर असे की एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही. मंत्रिमंडळ सचिवालयात नेहमीची प्रशासकीय कामे करणारे कर्मचारीही असतात. सप्टेंबर १९६८ मध्ये रामेश्वरनाथ काव यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेली रॉ याच छत्राखाली आली. ओडिशातील चारबटिया येथे तळ असलेले, हवाई टेहळणी करणारे एव्हिएशन रिसर्च सेंटर, नोव्हेंबर १९६२ मध्ये उभारलेली आणि चक्राता येथे केंद्र असलेली स्पेशल फ्रंटियर फोर्स, आणि १९६३ मध्ये सुरू झालेला स्पेशल सर्व्हिस ब्युरो हेही तिथलेच.

यांपैकी शेवटच्या संघटनेविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण आमचा माग तिकडे गेला आणि विदर्भातील अनेक घरांत तिचे नावही कुणी ऐकलेले नसते. १९६२ च्या पराभवानंतर असे लक्षात आले की सीमेवरील दुर्गम खेड्यांतील लोकांना देशाशी जोडून घेतल्याशिवाय आणि पुन्हा आक्रमण झाल्यास प्रतिकार करण्याचे शिक्षण दिल्याशिवाय सीमा राखता येणार नाही. त्या कामासाठी ही संघटना काढली गेली. तिची माणसे डोंगरातील गावांत राहत, लोकांना प्रशिक्षण देत आणि वर्षानुवर्षे घरी फक्त "दिल्लीला आहे" असे कळवत. गढवालमधील ग्वालदम हे तिच्या प्रशिक्षणाचे एक ठिकाण होते. कारगिल युद्धानंतर २००१ मध्ये ही संघटना गृह मंत्रालयाकडे देण्यात आली, तिच्याकडे नेपाळ सीमा सोपवली गेली, आणि पुढे तिचे नाव सशस्त्र सीमा बल झाले. त्यामुळे काकांसारख्या १९९६ मध्ये निवृत्त झालेल्या माणसाच्या कागदांवर हे नवे नाव सापडणारच नाही.

पीपीओवर आणखी एक आकडा काळजीपूर्वक पाहावा, तो म्हणजे पात्र सेवा. काकांची मुलकी नोकरी अठ्ठावीस वर्षांहून अधिक असणे शक्य नव्हते, तरी पीपीओवर तेहतीस वर्षे लिहिलेली होती. पूर्ण पेन्शनसाठी त्या काळी तेहतीस वर्षांची मर्यादा होती, आणि मुलकी सेवेत येण्यापूर्वीची लष्करी सेवा नियमानुसार जोडून घेता येते. "फौज सोडल्यावर ते काही वर्षे भटकत होते" ही घरातील जुनी कुजबुज त्या आकड्याने बरीचशी मोडीत काढली.

नागपुरातल्या नागपुरात कोठे चौकशी करता येईल?

माजी सैनिक आणि त्यांच्या पत्नींची नोंद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात असते, आणि कोणत्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावे हेही तेथे सांगतात. वायुसेनानगरला मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय असले तरी वायुसैनिकांचे सेवाअभिलेख दिल्लीला आहेत, त्यामुळे तेथील फाटकावर जाऊन उपयोग नाही. अंबाझरी, भंडारा किंवा भद्रावती येथील आयुध निर्माणीत नोकरी केलेली व्यक्ती सैनिक नसून संरक्षण खात्याची मुलकी कर्मचारी असते. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या, म्हणून जुन्या पदनामाने पत्र पाठवू नये. अंबाझरीची निर्माणी आता यंत्र इंडिया लिमिटेडमध्ये आहे.

राज्य शासनाच्या नोकरीतील व्यक्ती असेल तर एक गोष्ट विसरली जाते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रांताची, म्हणजे शेवटी मध्य प्रदेशाची, राजधानी होती. राज्य पुनर्रचनेत कर्मचारी वाटले गेले आणि फाइलीही. आजोबा नागपूरच्या सचिवालयातील गृहखात्यात किंवा पोलिसांच्या विशेष शाखेत असतील तर त्यांची फाइल भोपाळलाही गेलेली असू शकते. जे येथे राहिले त्यासाठी राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाच्या नागपूर कार्यालयात विचारावे. विदर्भातील राज्य कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचे काम नागपूरचे महालेखापाल कार्यालय पाहते.

जुन्या मोहिमांच्या फाइली कधी खुल्या होतात?

१९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याखाली पंचवीस वर्षांहून जुने अभिलेख तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवणे अपेक्षित आहे, आणि संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्ध व मोहिमांच्या अभिलेखांसाठी तसे धोरणही जाहीर केले. खुल्या झालेल्या अनेक फाइलींची सूची "अभिलेख पटल" या संकेतस्थळावर पाहता येते. मात्र तेथे व्यक्तीचे नाव टाकून फारसे हाती लागत नाही, युनिट, ठिकाण आणि वर्ष टाकून शोधावे. दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या सैनिकांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या सूचीत विनामूल्य मिळतात.

जुने सहकारी बोलायला तयार होत नाहीत. काय करावे?

त्यांचा नकार मान्य करावा. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा त्यांना निवृत्तीनंतरही लागू असतो, आणि मे २०२१ मधील पेन्शन नियमांच्या दुरुस्तीनुसार अनुसूचीतील संघटनांच्या निवृत्त कर्मचाऱ्यांना कामाशी संबंधित लेखन प्रसिद्ध करण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. ज्यांची पेन्शन हेच उत्पन्न आहे अशा पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाला पेचात टाकण्याचा आपल्याला अधिकार नाही. काम काय होते हे विचारूच नये. माणूस कसा होता, मेसमध्ये काय खात असे, कशाला भीत असे, हे विचारावे. काकांच्या एका सहकाऱ्यांनी मला दोन तासांत एकाही ठिकाणाचे नाव सांगितले नाही, पण काका दर दिवाळीला कुठूनतरी चणाडाळ मिळवून पाट्यावर वाटत आणि सगळ्यांसाठी पाटवडी करत, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला.

ट्रंकेत "गुप्त" असा शिक्का असलेला कागद सापडला तर?

त्याचे छायाचित्र काढू नका आणि कौटुंबिक व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच टाकू नका. असे दस्तऐवज अधिकाराशिवाय बाळगणे किंवा पसरवणे हा गुन्हा ठरू शकतो, आणि तो कायदा केवळ नोकरदारांना नव्हे, सर्वांना लागू आहे. वकिलाचा सल्ला घेऊन तो संबंधित कार्यालयाला पोच घेऊन परत करावा. शस्त्र किंवा काडतुसे सापडली तर त्याच दिवशी जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे.

शोधात अप्रिय काही निघाले तर घरात सांगावे का?

सिद्ध असेल तर ज्यांच्या आयुष्याशी त्याचा संबंध आहे त्यांना आधी, एकांतात आणि कागद दाखवून सांगावे. ऐकीव असेल तर सांगू नये. माझ्या एका चुलतभावाने काका १९७१ मध्ये चितगावच्या डोंगरात लढले असे एका समारंभात सांगून टाकले. स्पेशल फ्रंटियर फोर्स तेथे लढली हे खरे, पण काका तिच्यात होते असा एकही कागद आमच्याजवळ नाही, आणि ज्यांनी आयुष्यभर स्वतःबद्दल एक शब्द वाढवून सांगितला नाही त्यांच्या नावावर आपण तरी तो का वाढवावा?

शोध केव्हा थांबवावा?

ठरावीक उत्तर नाही, पण आमचा कसा थांबला ते सांगते. ट्रंकेत एक छायाचित्र होते : देवदारांसमोर उभे असलेले काका, अंगात स्वेटर, आणि मागे पेन्सिलीने लिहिलेले "ग्वालदम". वर्ष नव्हते, अक्षर काकांचे नव्हते, म्हणून ते मी चार वर्षे "ऐकीव" या भागात ठेवले होते. काकूंना त्रास नको म्हणून ते त्यांना दाखवलेही नव्हते. अखेर दाखवले तेव्हा त्यांनी भिंग मागितले, डाव्या मनगटाजवळ बोट ठेवले आणि तेथे चुकलेला टाका मला दाखवला. धाकट्याच्या वेळी दिवस गेले असताना, १९७२ च्या हिवाळ्यापूर्वी त्यांनी तो स्वेटर विणला होता, आणि टाका उसवायला वेळ नव्हता म्हणून तसाच दिल्लीच्या पत्त्यावर पार्सल केला होता.

दिल्लीचा पत्ता फक्त टपाल पुढे पाठवण्यासाठी होता, हे काकूंनी त्या दुपारी स्वतःच उच्चारले आणि बराच वेळ छायाचित्र हातात धरून बसून राहिल्या. मी वही उघडून "ग्वालदम, १९७२ नंतर" ही नोंद "संभाव्य" या भागात हलवली. छायाचित्र मात्र त्यांनी परत दिले नाही. ते आता त्यांच्या उशाशी पोथीत आहे.